नवी पार्टी का निघते?

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची, असं करत महिना-दीड महिना हा क्रम चालतो. तुमसर तालुक्यात ज्या डोंगरावर आंबागडचा किल्ला आहे, त्याच्या खालच्या गावांतही हेच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या पदरच्या राजाखान पठाणाने 1700 च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला. आज वर नांदतं कोणी नाही, पण खालच्या गावांची मंडई चुकत नाही. घरोघरी लेकीबाळी आणि सोयरे आलेले असतात, दुपारी चौकात खडी गंमत किंवा दंडार ही लोकनाट्यं असतात, रात्री नाटक.

या दिवसांत गावोगावच्या भिंतींवरची पोस्टरं जरा थांबून वाचावीत. जुन्या नावांच्या शेजारी दर हंगामात एखादं नवं नाव दिसतं. नवी खडी गंमत पार्टी, नवं दंडार मंडळ, नवी नाट्य कंपनी. त्या नावाखालचे कलावंत मात्र बहुतेक ओळखीचेच असतात. काल जो शाहिराच्या मागे झील धरत होता, तो यंदा स्वतः शाहीर म्हणून उभा असतो, आणि त्याच्या मागे ढोलकी वाजवणाराही जुन्याच पार्टीतला असतो. लोक म्हणतात, ‘‘पार्टी फुटली वाटते.’’ आणि त्याला जोडून ठरलेलं वाक्य येतं, की आपल्या लोकांना एकत्र नांदता येत नाही, ज्याला त्याला मालक व्हायचं असतं.

हे वाक्य मला पटत नाही. हेवेदावे असतात, मानापमान असतात, हे खरंच आहे. पण ते तर प्रत्येक पार्टीत असतात, आणि ते असूनही कित्येक पार्ट्या वर्षानुवर्षं टिकतात. मग नवी पार्टी नेमकी कधी निघते? आणि जुनी सोडलेला कलावंत दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या पार्टीत न जाता स्वतःची का काढतो? याचं उत्तर शोधायचं तर माणसांच्या स्वभावात फार खोल जावं लागत नाही. हा धंदा चालतो कसा, हे समजून घेतलं की बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी लहान पार्टी पाहू. खडी गंमत म्हणजे उभ्याने सादर होणारी गंमत. एक शाहीर, त्याच्या मागे झील धरणारे, ढोलकी, तुणतुणं, टाळ, बाईच्या वेषातला नाच्या आणि हसवणारा सोंगाड्या. सगळे मिळून दहाबारा माणसं. दंडारीत माणसं थोडी जास्त लागतात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी खडी, बैठी आणि परसंगी असे दंडारीचे प्रकार नोंदवून ठेवले आहेत. त्यांतली परसंगी दंडार नाटकाच्या सगळ्यात जवळची. यापैकी कशालाही स्वतःची इमारत लागत नाही, मोठं भांडवल लागत नाही. रोवणी आटोपली की देवळात किंवा कोणाच्या अंगणात तालीम सुरू होते. वाद्यं घरची असतात, कपडे शिवून किंवा मागून आणता येतात. म्हणजे पार्टी काढायला पैशाची अडचण फारशी नाही. लागतो तो एक माणूस, ज्याला समोरच्या गर्दीला तीन-चार तास धरून ठेवता येतं.

आता या खडी गंमतीत एक रीत आहे, आणि माझ्या मते नव्या पार्ट्यांचं मूळ तिच्यातच आहे. मंडईत अनेकदा दुय्यम गंमत ठेवतात. म्हणजे एकाच जागी दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, मग त्याने उलट सवाल करायचा. कोण अडला आणि कोण सुटला, याची चर्चा मंडई उठल्यावरही चालते. या रीतीचा परिणाम काय होतो पाहा. गावाला एक पार्टी पुरत नाही, जोडीने दोन लागतात. त्यातही तीच ती जोडी लोकांनी चार वेळा ऐकली की सवाल-जवाब पाठ होतात, आणि गावाला नवा प्रतिस्पर्धी हवा असतो. दुसरी बाजू कलावंताची. जो तरुण आपल्या उस्तादाच्या मागे झील धरतो, तो त्याच पार्टीत राहिला तर उस्तादाच्या समोर कधीच उभा राहू शकत नाही. समोर उभं राहायचं तर त्याच्या मागे स्वतःची पार्टी असावी लागते. दुसऱ्या नावाजलेल्या पार्टीत गेला तर तिथेही आधीच एक शाहीर आहे, आणि याला पुन्हा मागेच उभं राहायचं आहे. अशा वेळी त्याने वेगळी पार्टी काढली तर त्यात उस्तादाचा अपमान नाही. दुय्यमच्या खेळाची ती गरजच आहे.

तारखांचा हिशेबही असाच आहे. मंडया थोड्या आठवड्यांत दाटीने येतात. हलका धान निघालेला असतो, हातात थोडा पैसा असतो, पाहुणे घरी असतात, म्हणून प्रत्येक गावाला याच दिवसांतली तारीख हवी असते. चित्रपट एकाच दिवशी शंभर ठिकाणी लावता येतो. जिवंत कलावंताचं तसं नाही. नामांकित शाहीर झाला तरी एका दुपारी तो एकाच गावात गाऊ शकतो. त्यामुळे दाटीच्या तारखांना नावाजलेल्या पार्ट्या आधीच ठरलेल्या असतात, आणि उरलेल्या गावांची मंडळं मिळेल ती पार्टी शोधत असतात. नवी पार्टी पहिली दोन-तीन वर्षं याच उरलेल्या तारखांवर जगते. जुन्या पार्टीत आणखी एक गुणी माणूस शिरला तर ती पार्टी थोडी चांगली होईल, पण तिच्या दुपारी वाढणार नाहीत. त्याच माणसाने वेगळी पार्टी काढली तर एका गावाला, एका दुपारी, जिथे काहीच झालं नसतं तिथे गंमत होते. जुन्याच्या ताटातला घास काढून नवा जेवतो, असं इथे सहसा घडत नाही.

रात्रीच्या नाटकाचा पसारा मोठा आहे, पण हिशेब त्याच जातीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि इथल्या नाटकांच्या धंद्याची बाजारपेठ म्हणजे वडसा. कागदोपत्री नाव देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव चारही जिल्ह्यांना सोयीचं पडतं. दिवाळीच्या आसपास तिथे नाट्य कंपन्यांच्या कचेऱ्या गजबजतात. एका लहानशा शहरात चाळीस-पन्नास कंपन्या, असं दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे पाहायला मिळत नाही. गावोगावच्या मंडळांचे कार्यकर्ते तिथे येतात, या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात आणि चौकशी करतात. नाटक कोणतं? हिरो कोण? कॉमेडीला कोण आहे? नटी कोणती? नाच-गाणी किती? मग भाव ठरतो, इसार दिला जातो आणि तारीख पक्की होते. ठरलेल्या दिवशी कंपनीच्या गाड्या सामान घेऊन गावात येतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. तिकीट काढून हजारोंनी माणसं थंडीत चादरी गुंडाळून बसतात. दुसऱ्या रात्री गाव दुसरं. होळीच्या सुमाराला हंगाम उतरतो आणि ज्याला शेती आहे तो शेतीकडे वळतो.

या व्यवहारात दोन गोष्टी नीट लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, कंपनी हंगामापुरती बांधली जाते. होळीला ती विखुरते आणि पावसाळ्यात पुन्हा जुळवली जाते. त्यामुळे कंपनी सोडण्यासाठी भांडण करावं लागत नाही, राजीनामा द्यावा लागत नाही. पुढच्या हंगामाचा शब्द दिला नाही की झालं. वर्षातून एकदा प्रत्येक कलावंतासमोर हा प्रश्न आपोआप येऊन उभा राहतो, की यंदा कोणाकडे?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गावचा कार्यकर्ता कचेरीत विचारतो ती नावं माणसांची असतात. कंपनीचं नाव पोस्टरवर ठळक असतं, पण तिकीट खपतं ते हिरोच्या आणि विनोदी नटाच्या नावावर. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या नावावर आठशे नाटकं आणि पाच हजारांहून जास्त प्रयोग सांगितले गेले. विदर्भाचे दादा कोंडके म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या ओळखीत कुठल्या कंपनीचं नाव येत नाही. ज्या धंद्यात पुण्याई माणसाच्या नावावर जमा होते, तिथे माणूस निघाला की पुण्याई त्याच्याबरोबर जाते. गिरणी सोडून जाणाऱ्या कामगाराला यंत्र बरोबर नेता येत नाही. नट सगळंच बरोबर नेतो. तो नव्या पाटीखाली उभा राहिला तरी प्रेक्षक त्याला पहिल्या रात्रीपासून ओळखतो.

मग असा नट दुसऱ्या मोठ्या कंपनीत का जात नाही? जातो, अनेकदा जातो. पण तिथे जागेचा प्रश्न येतो. एका नाटकाला हिरो एकच असतो, मुख्य विनोदी नट एकच असतो. पोस्टरवर मोठे चेहरे दोन किंवा तीन बसतात. प्रस्थापित कंपनीचा विनोदी नट चाळिशीत असेल तर तो अजून वीस वर्षं तरी हलत नाही. आणि कंपनी जितकी नावाजलेली तितकी तिथली रांग लांब. ज्याच्या अंगात काम करायची धमक आहे पण रांगेत ज्याचा नंबर मागे आहे, त्याच्यासाठी सगळ्या मोठ्या कंपन्या सारख्याच असतात.

जागा कमी पडल्या की संघ फुटतात, हे नाटकाबाहेरही दिसतं. संगणकावर हजारो माणसं एकत्र खेळतात त्या खेळांमध्ये खेळाडूंचे संघ असतात, त्यांना गिल्ड म्हणतात. 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात मोठ्या मोहिमेवर चाळीस जण जात. 2007 च्या जानेवारीत खेळाची पुढची आवृत्ती आली आणि तिच्यात मोठ्या मोहिमेला पंचवीसच जागा ठेवल्या. चाळिसांची सवय असलेल्या गिल्डमध्ये पंधरा जण बाकावर बसायला लागले. त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्या मोठ्या गिल्डचं दार ठोठावण्याऐवजी आपापसात जुळवून नवी गिल्ड उभी केली, कारण दुसऱ्या मोठ्या गिल्डच्या दारातही असेच पंधरा जण उभे होते. इथे कोणाच्या स्वभावात काही फरक पडला नव्हता. जागांचा आकडा बदलला होता.

मराठी नाटक मंडळ्यांचा इतिहास या नजरेने वाचला तर त्यातली फाटाफूट वेगळीच दिसू लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांची मंडळी 1880 साली ‘शाकुंतल’ घेऊन उभी राहिली. अण्णासाहेब 1885 साली गेले, तरी मंडळी चालत राहिली. 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिच्यात आले. 1911 साली मंडळीतले नट नानासाहेब जोगळेकर वारले, कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती होता, आणि 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या काळच्या रसिकांना हा मोठा धक्का होता. पण पुढे काय झालं? बालगंधर्व गेल्याने किर्लोस्करमध्ये जी जागा रिकामी झाली, तिच्यामुळेच 1914 साली गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या दीनानाथ नावाच्या मुलाला तिथे प्रवेश मिळाला. चार वर्षांनी, 1918 साली, दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर सोडून बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. गडकऱ्यांचं ‘भावबंधन’ रंगभूमीवर आणलं ते या मंडळीने. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचं ‘रणदुंदुभी’ आणलं तेही तिनेच. समजा 1913 साली ते तिघे कसेबसे समजूत घालून किर्लोस्करमध्येच राहिले असते. दीनानाथांना जागा कुठे होती? एका फुटीने दोन मंडळ्या झाल्या, आणि रिकाम्या जागेतून तिसरी निघाली.

त्याआधी 1908 साली केशवराव भोसले यांनी हुबळीला ललितकलादर्श काढली तेव्हा ते वयाच्या अठराव्या वर्षात होते. स्वदेशहितचिंतक मंडळीत लहानपणापासून गाऊन त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांच्या मंडळीला पुढे बापूराव आणि भालचंद्र पेंढारकर या पितापुत्रांनी सांभाळलं. आणि वेगळ्या पाट्या लावल्या म्हणून ही माणसं एकमेकांची वैरी झाली असंही नाही. 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघे एकाच मंडळीत अडकून पडले असते तर त्या रात्रीला संयुक्त ‘मानापमान’ म्हणायचं कारणच उरलं नसतं.

या सगळ्या उदाहरणांत आणखी एक धागा आहे. मंडळी सोडताना सहसा कोणी एकटा निघत नाही. 1913 साली तिघे निघाले, 1918 साली तिघे. आणि त्यांच्या मागोमाग साथीदार आले. माझ्या मते ‘दुसऱ्या नावाजलेल्या संस्थेत का गेले नाहीत?’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. एकटा नट दुसरीकडे सामावून घेता येतो. पण नट, त्याची लकब ओळखणारा तबलजी, त्याच्या वाक्याला बरोबर वाक्य देणारा दुसरा नट आणि त्यांच्यासाठी लिहिणारा लेखक, असा अख्खा संच एकदम घ्यायला कोणत्याही भरलेल्या घरात जागा नसते. मोठी कंपनी म्हणते, तुम्ही या, बाकीच्यांचं पाहू. आणि तिथेच बोलणं तुटतं, कारण त्या नटाचं काम रंगतं ते त्या बाकीच्यांमुळेच. धानाचे पऱ्हे उपटतात ते जुडीने, आणि बांधीत लावतात तेही एकेक काडी मोजून नव्हे. तसंच हे.

पुण्यातलं उदाहरण याहून स्पष्ट आहे. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने भरत नाट्य मंदिरात केलं. नाटकावर वाद उठला, संस्थेत मतभेद झाले आणि एकोणीस प्रयोगांनंतर प्रयोग थांबले. संस्थेचे प्रमुख भालबा केळकर हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. पुण्याच्या तरुण नटांची एक पिढी त्यांच्या हाताखाली शिकली होती, आणि त्यांच्याबद्दल आदर सगळ्यांनाच होता. पण ज्यांनी ते नाटक बसवलं त्यांना ते करायचंच होतं. ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची जी हलती भिंत आहे ती माणसांचीच आहे. गाणारी, नाचणारी, तालावर झुलणारी. एवढा मोठा, सरावलेला संच दुसऱ्या कुठल्या संस्थेने घेतला असता? घेतला असता तरी तिने ते नाटक करू दिलं असतं का? मार्च 1973 मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, जानेवारी 1974 मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं केलं, आणि 1980 साली ते युरोपात नेलं. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ही याच संस्थेचं. मुंबईतही थोडं आधी असंच घडलं होतं. रंगायनमधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 1971 साली आविष्कार सुरू केलं, आणि दादरच्या छबिलदास शाळेतला रंगमंच त्यातून पुढे आला.

‘घाशीराम’च्या वेळी प्रश्न तत्त्वाचा होता. झाडीपट्टीत तो बहुतेक वेळा हिशेबाचा असतो. कलावंताचा मोबदला नाईटवर ठरतो, म्हणजे एका प्रयोगाचे इतके. हंगामात किती नाईट झाल्या, किती रद्द झाल्या, रद्द झालेल्या रात्रीचं नुकसान कोणाच्या माथी, नाटक गाजलं तर वाढीव उत्पन्नात वाटा मिळतो का, या गोष्टी बऱ्याचदा तोंडी असतात. कंपनी मालकाची असते. तिथे सभासदांची सभा नाही, मतदान नाही, तक्रार कुठे मांडायची याची ठरलेली जागा नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली लिहिलेल्या पुस्तकात मांडलं, की संस्थेवर नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, आत राहून बोलायचं किंवा बाहेर पडायचं, आणि निष्ठा किती आहे यावर तो कोणती वाट धरेल ते ठरतं. झाडीपट्टीत बोलण्याची वाट अरुंद आहे आणि बाहेर पडण्याची दर होळीला सताड उघडी असते. मग माणसं बाहेर पडतात यात नवल नाही. भागीदारीतली मंडळीही याला अपवाद नसते. गंधर्व मंडळीच्या तीन मालकांपैकी टेंबे थोड्याच वर्षांत वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली.

सगळेच नवी कंपनी काढू पाहतात असं मात्र नाही. बाहेरगावाहून हंगामापुरत्या येणाऱ्या नटींना नाईटची हमी, वेळेवर पैसे, सुरक्षित प्रवास आणि मुक्कामाची धड सोय हवी असते, आणि ती जुन्या, बसलेल्या कंपनीत मिळण्याची शक्यता जास्त. त्यांच्या दृष्टीने नव्या कंपनीचा उत्साह फारसा कामाचा नाही. नवशिक्या पोरांनाही मोठ्या कंपनीतच शिकायला मिळतं. स्वतःची पार्टी काढणारा या दोघांच्या मधला असतो. शिकून तयार झालेला, नाव थोडं झालेलं, आणि पुढची जागा बंद असलेला.

आता नव्या कंपनीचं पहिलं वर्ष कसं जातं तेही पाहायला हवं, कारण त्यात पुष्कळ जण बुडतात. गावांचा इसार यायच्या आधीच कलावंतांना आगाऊ रक्कम द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्याचा शब्द घेतात. पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, गाडी हे भाड्याने घेतलं तरी पैसा लागतो. पोस्टरं छापावी लागतात. त्यासाठी कर्ज काढलं जातं. मग ऐन हंगामात अवकाळी पाऊस येतो आणि चार रात्री जातात. गाव म्हणतं पुढची तारीख द्या, पण पुढची तारीख दुसऱ्या गावाला दिलेली असते. काही मंडळं प्रयोगानंतर उरलेले पैसे ‘तिकिटं कमी खपली’ म्हणून अडवून ठेवतात. जुनी कंपनी असा फटका पचवते. नवीचं कंबरडं मोडतं. 2020 साली कोरोना आला तेव्हा तर मोठ्यांनाही हंगाम गमवावा लागला. शिवाय मालक झालेला नट रात्रभर हिरोचं काम करतो आणि पहाटे रंग पुसता पुसता हिशेबाला बसतो. दोन्ही कामं एकाच माणसाला साधतीलच असं नाही. बालगंधर्वांसारखा नट महाराष्ट्राला पुन्हा मिळाला नाही, पण मंडळीचे मालक म्हणून त्यांची बरीच वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

तरीही अशा बुडालेल्या प्रयत्नांना मी वाया गेलेले म्हणणार नाही. स्वतःची कंपनी दोन हंगाम चालवून जो परत जुन्या कंपनीत येतो, तो रांगेच्या शेवटी उभा राहत नाही. तोवर लोकांनी त्याला हिरो म्हणून पाहिलेलं असतं, त्याचं नाव कार्यकर्त्यांच्या तोंडी असतं, आणि त्याची नाईट वाढलेली असते. त्याच्याबरोबर गेलेल्या ढोलकीवाल्याला, गायकाला, दुसऱ्या फळीतल्या नटालाही वरच्या जागेचा अनुभव मिळालेला असतो. आंबागडपासून वडशापर्यंत इतके कलावंत तयार होत राहिले, यामागे या फुटीही आहेत.

म्हणून मंडई भरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना एक विनंती. हंगामात दोन कार्यक्रम ठेवणार असाल तर एक तरी तारीख नव्या पार्टीला द्या. ती घेताना अटी कागदावर लिहा, पाऊस आला तर काय हेही लिहा, आणि प्रयोग उठला की त्याच पहाटे उरलेले पैसे तिच्या हातात द्या. पहिल्या हंगामात नवी पार्टी मोडते ती बहुतेक वेळा कलेच्या कमतरतेने नाही, थकलेल्या पैशाने मोडते.